पिग्मीवाल्याशी भांडता येतं

बेळगावातल्या वडगावात आमच्या गल्लीत संध्याकाळी सातच्या सुमाराला पिग्मीवाला, म्हणजे रोजची बारीक ठेव दारात येऊन गोळा करणारा एजंट, येतो. मागच्या गुरुवारी माझी आत्या त्याच्याशी दहा मिनिटं भांडली. मुद्दा वीस रुपयांचा. मंगळवारी तिने पन्नास दिले होते आणि त्याच्या हातातल्या मशीनवर तीसच दिसत होते. "मी पन्नासची नोट दिलो की रे, तू खिशात घातलास, मी बघितलो," आत्या. "अक्का, मशीन खोटं बोलंल काय?" तो. "मशीन बोलत नाही खरं तू बोलतोस की." शेजारचे दोघे-तिघे ओट्यावर येऊन उभे राहिले. शेवटी त्याने पिशवीतून वही काढली, मंगळवारचं पान उघडलं, आणि निघालं ते असं की आत्याचे वीस रुपये समोरच्या किराणावाल्याच्या खात्यात टाकले गेले होते. त्याने कान पकडले, आत्याने चहा टाकला.

पिग्मी हा शब्द आमच्याकडे इतका मुरलाय की तो इंग्रजी आहे हे आत्याला सांगितलं तरी पटायचं नाही. उडुपीला 1925 साली एक संस्था सुरू झाली, तीच पुढे सिंडिकेट बँक झाली. हातमागवाले अडचणीत होते, त्यांना भांडवल द्यायचं तर गावातलाच बारीकसारीक पैसा गोळा करावा, असा विचार. 1928 मध्ये त्यांनी पिग्मी ठेव काढली: एजंटाने रोज दारात जायचं आणि अगदी दोन आणे असले तरी घेऊन यायचे. वडगाव, शहापूर, खासबाग हा सगळा मागवाल्यांचा पट्टा. विणकरांसाठी निघालेली कल्पना विणकरांच्या गल्लीत जवळजवळ शंभर वर्षांनी अजून फिरते आहे. ती बँक 1 एप्रिल 2020 ला कॅनरा बँकेत विलीन झाली. पिग्मी काही कशात विलीन झाली नाही. सोसायट्यांनी, पतसंस्थांनी ती उचलली आणि चालू ठेवली.

हे आठवायचं कारण, काही महिन्यांपूर्वी शहरातल्या एका कॉलेजच्या सभागृहात ग्रामीण भागासाठीच्या फिनटेकवर, म्हणजे अ‍ॅपवरच्या बँकिंगवर, कार्यक्रम होता, आणि मी आयुष्यभर सोसायट्यांच्या हिशेबतपासणीत घालवल्यामुळे मलाही कुणीतरी बोलावलं. बेंगळुरूहून आलेला एक तरुण पडद्यावर आपल्या जिल्ह्याचा नकाशा दाखवत होता. खानापूर, हुक्केरी, चिकोडी, निपाणी, सगळीकडे हिरवे ठिपके. एक ठिपका म्हणजे एवढी खाती, एवढी डाउनलोड. मी विचारलं, "एखाद्या बाईचा हप्ता दोनदा कापला गेला तर ती विचारणार कुणाला?" तो म्हणाला, अ‍ॅपमध्ये चॅट आहे. कुठल्या भाषेत? इंग्रजी, हिंदी, कन्नड. मी म्हटलं, तुमच्या नकाशावर खानापूर आहे, तिथे मराठी चालते. त्याने वहीत काहीतरी लिहून घेतलं. मुलगा वाईट नव्हता, उलट ऐकून घेणारा होता. पण त्याच्या ठिपक्यांत माझ्या आत्याच्या भांडणाला जागा नव्हती.

ज्याच्या ताब्यात आपला पैसा आहे किंवा ज्याचं आपण देणं लागतो, त्याच्याशी हुज्जत घालता आली तर माणूस खऱ्या अर्थाने बँकिंगमध्ये आला असं मी धरतो. खातं, कार्ड, क्यूआर कोड ही दारं झाली. दार उघडून आत गेलेल्या माणसाला तिथे आवाज चढवता येतो का, आणि चढवला तर समोरचा वही उघडतो का, हे कुणी मोजत नाही.

दारं उघडली हे मात्र मान्य करायलाच हवं. 28 ऑगस्ट 2014 ला जनधन योजना सुरू झाली आणि देशात पन्नास कोटींहून जास्त खाती निघाली. आमच्याकडे कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याला 2000 रुपये बाईच्या खात्यात येतात, आणि नळावर, बसमध्ये, मार्केटात बायकांचा ठरलेला प्रश्न असतो, "पडले का?" माहेर चंदगडला आणि सासर बेळगाव तालुक्यात असलेल्या बाईची धाकटी बहीण तिकडे लाडकी बहीणचे 1500 घेते. सणाला दोघी भेटल्या की कुणाचे किती महिने थकलेत याची बेरीज होते. दहा वर्षांपूर्वी या बायकांच्या नावाचं पासबुक घरात नसायचं. हे छोटं काम नव्हे.

पण आता कर्जाच्या कागदाकडे येऊ, कारण माझं दुखणं तिथे आहे.

नंदगडच्या पलीकडच्या एका गावातली एक बाई माझ्याकडे कागद घेऊन आली होती. नवरा वीटभट्टीवर, ती हंगामात काजूच्या कामाला जाते. 'संघाचं लोन' काढलं होतं, पन्नास हजारांचं, दोन वर्षांचं. आमच्याकडे मायक्रोफायनान्सच्या गटालाही संघच म्हणतात. हप्ता महिना 2583 रुपये. तिची शंका साधी होती: "बारा टक्के म्हणाले, मग एवढं कसं होतंय?" मी गणित मांडलं. पन्नास हजारांवर बारा टक्क्यांनी वर्षाला सहा हजार, दोन वर्षांचे बारा हजार, एकूण बासष्ट हजार, भागिले चोवीस, 2583. हिशेब बरोबर. गोम अशी की मुद्दल दर महिन्याला फिटत जातं आणि व्याज मात्र पहिल्या दिवसाच्या पूर्ण पन्नास हजारांवरच धरलेलं. शेवटच्या महिन्यात तिच्याकडे अडीच हजार उरलेले असताना ती पन्नास हजारांचं व्याज भरत असते. शिल्लक मुद्दलावर धरलं तर हाच दर वर्षाला साडेएकवीस टक्क्यांच्या वर जातो. प्रोसेसिंग फी आणि विमा वेगळा.

मला वाटलं, कागदात लपवलं असेल. कागद उलटून बघितला तर चौकटीत खरा वार्षिक दर स्वच्छ छापलेला होता. कन्नडमध्ये. खाली 'वरील मजकूर मला वाचून दाखवला व समजला' अशा अर्थाची ओळ, तीही कन्नडमध्ये, आणि तिच्याखाली या बाईची मराठीत सही. सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली, सुवाच्य अक्षर. बाजारात ती कन्नड फाडफाड बोलते, भाव पाडून घेते. वाचता मात्र येत नाही. त्यात गावातली व्याजाची बोली महिन्याची असते: शेकडा दोन, शेकडा तीन. शेकडा दोन म्हणजे वर्षाला चोवीस हे तिला झोपेतही कळतं. कागदावरचे वर्षाचे टक्के कुणी तिच्या बोलीत आणून सांगितले असते तर ती तिथल्या तिथे म्हणाली असती, "मग हे सावकारापेक्षा लई कमी नाही की ओ." आणि कदाचित तरीही घेतलं असतं. घ्यायचं की नाही तो तिचा प्रश्न. तिला घासाघीस करायची संधीच मिळाली नाही, हा माझा आक्षेप.

आता गंमत बघा. यासाठी नवा कायदा लागत नाही. रिझर्व्ह बँकेने एप्रिल 2024 मध्ये काढलेल्या परिपत्रकानुसार 1 ऑक्टोबर 2024 पासून किरकोळ कर्जदाराला कर्जाच्या मुख्य अटींचा एक तक्ता द्यावाच लागतो. त्यात सगळे खर्च धरून वार्षिक दर यावा लागतो, तो कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असावा लागतो आणि समजावून सांगावा लागतो. 'राज्यभाषेत' असं त्यात म्हटलेलं नाही. 'समजणाऱ्या' म्हटलेलं आहे. पण कंपनीचं सॉफ्टवेअर पिनकोडवरून राज्य ठरवतं आणि राज्यावरून भाषा. कर्नाटक म्हणजे कन्नड, संपलं.

यावर आमच्याकडे लगेच आवाज चढतात, म्हणून स्पष्ट लिहितो: मी सीमाप्रश्नावर बोलत नाही. तो खटला 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे आणि त्याचं काय व्हायचं ते होईल. हप्त्याचा कागद मराठीत मिळायला त्या निकालाची वाट बघायची गरज नाही. आणि हे फक्त मराठीचं दुखणंही नाही. जत तालुक्यातल्या कन्नड बाईला मराठी तक्ता हातात येतो तेव्हा तिचीही हीच गत होते. खरं तर बेळगावला धंदा करणाऱ्या एखाद्या स्टार्टअपने सुरुवातीलाच भाषेचं बटण कर्जदाराच्या हातात दिलं असतं तर दोन्ही बाजूंचा बाजार त्याला मिळाला असता. आमच्या पुढाऱ्यांनाही दुकानावरची पाटी कुठल्या भाषेत यावर जेवढा जोर येतो, तेवढा कर्जाच्या कागदावर आलेला मी पाहिला नाही. पाटी न वाचता आल्याने कुणाचं घर बुडत नाही.

सीमेचा दुसरा घोळ जमिनीचा. निपाणीत घर आणि कागल तालुक्यात चार एकर असा शेतकरी आमच्याकडे नवलाचा नाही. लग्नं, वाटण्या, हुंड्यातली जमीन यांनी 1956 ची राज्य पुनर्रचना विचारात घेतलेली नाही. इकडे आरटीसी उतारा, 'भूमी' प्रकल्पातला. तिकडे सातबारा, 'महाभूलेख'वरचा. उतारे संगणकावर आले म्हणून पीककर्ज मिनिटांत मंजूर होईल असं हल्ली सांगतात आणि एका राज्याच्या आत ते होतही असेल. आमच्या माणसाला मात्र आधारवरचा पत्ता कर्नाटकाचा आणि जमीन महाराष्ट्राची. जुन्या सोसायटीचा सेक्रेटरी हे पाच मिनिटांत समजून घ्यायचा, कारण त्याचीही आजोळची वाटणी तशीच असायची. अ‍ॅपच्या रकान्यात राज्य एकच निवडता येतं.

निपाणीवरून बोटांची गोष्ट आठवली. विडी वळणाऱ्या बायका टेंभुर्णीचं पान कापतात, तंबाखू भरतात, दुमडतात, सुताने बांधतात, हजाराच्या हिशेबाने. वर्षानुवर्षं हे केलेल्या बाईचं बोट हातात घेऊन बघा, चामडी गुळगुळीत झालेली असते. मग आधारच्या ठशावर पैसे देणाऱ्या मशीनपुढे ती उभी राहते. अंगठा, नाही. तर्जनी, नाही. ओल्या फडक्याने पुसून पुन्हा. चौथ्यांदा मशीन काहीतरी गुरगुरतं आणि दुकानदार म्हणतो, "सर्व्हर डाऊन आहे मावशी, उद्या या." आता पैसे खात्यातून गेले की गेले नाहीत? पावती निघाली नाही. मोबाइलवर मेसेज आला असेल, पण मोबाइल मुलाकडे आणि मुलगा कागलच्या एमआयडीसीत शिफ्टला. विडी कारखानदाराचा माणूस तयार विड्यांतून 'छाट', म्हणजे नापास विड्या, काढायचा तेव्हा या बायका त्याला सोडायच्या नाहीत. एकेक विडी परत मोजायला लावायच्या. याच गावच्या तंबाखू शेतकऱ्यांनी 1981 साली भावासाठी महामार्ग अडवून धरला आणि 6 एप्रिलच्या गोळीबारात 12 जणांचा जीव गेला. भांडायचं कसं हे निपाणीला कुणी शिकवायला नको. त्या मशीनपुढे मात्र निपाणीची बाई गप्प उभी राहते, कारण समोर भांडायला कोणी नसतं. दुकानदार म्हणतो मी फक्त बटण दाबतो.

आणि त्या दुकानदाराचंही खोटं नाही. त्याला व्यवहारामागे कमिशन मिळतं, तेही काही रुपयांत. पैसे काढून दिले, कमिशन. खातं उघडलं, कमिशन. अर्धा तास बसून मावशीचे अडकलेले पैसे कुठे गेले ते शोधून दिलं तर कमिशन शून्य, वर मागची रांग बोंबलते. सगळी यंत्रणा अशी बांधली आहे की ऐकून घेणं तोट्याचं. फिनटेकवाल्यांना यावर विचारलं की उत्तर ठरलेलं: प्रत्येक तक्रारीला माणूस ठेवणं परवडत नाही. मग वसुलीला कसा परवडतो? हप्त्याच्या दिवशी मोटारसायकलवर माणूस बरोबर दहाला दारात हजर असतो, सेंटर मीटिंग घेतो, एकीचा हप्ता कमी पडला तर बाकीच्या नऊ जणींना बसवून ठेवतो. तोच माणूस, तीच मोटारसायकल, तक्रार घेऊन परत जायला काय हरकत आहे?

आता कुणी म्हणेल, हा म्हातारा पिग्मीच्या प्रेमात पडलाय. तसं नाही. मी सोसायट्यांची दप्तरं तपासली आहेत, आणि ओळखीच्या माणसाने बुडवलेला पैसा अनोळखी माणसाने बुडवलेल्या पैशापेक्षा जास्त असतो हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. आमच्या जिल्ह्यात मोठमोठ्या सोसायट्या बसल्या, लोकांच्या मुलींच्या लग्नाचे पैसे गेले. बँकेतल्या ठेवीला 2020 पासून पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. ही गोष्ट आत्यालाच काय, पिग्मी गोळा करणाऱ्यालाही माहीत नसते. आणि गेल्या काही वर्षांत गल्लीतल्याच, रोज हळदीकुंकवाला येणाऱ्या बाईने 'सबसिडीचं लोन आहे, तू फक्त सही कर' म्हणून इतर बायकांच्या नावावर कर्जं काढल्याचे प्रकार आमच्या भागात झाले. पैसे तिने नेले, वसुलीवाले या बायकांच्या दारात. राज्यभर ओरड झाली तेव्हा कर्नाटक सरकारने फेब्रुवारी 2025 मध्ये वटहुकूम काढला: कर्जवसुलीसाठी जबरदस्ती केली तर दहा वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड. वटहुकूम चांगला. पण ज्या बाईने पैसे बघितलेच नाहीत तिचं 'सिबिल' खराब झालेलं तसंच राहतं. चुकीची नोंद 30 दिवसांत दुरुस्त झाली नाही तर दिवसाला 100 रुपये भरपाई द्यायची असा नियम आहे. ती मागायची कुठे, तर इंग्रजी पोर्टलवर.

म्हणून ओळखीचा माणूस असला की भागलं असं मी म्हणत नाही. ओळखीच्या माणसाच्या हातात खरा कागद हवा, आणि त्या माणसाच्या वर दुसरं कुणीतरी ऐकणारं हवं. हे दुसरं काम स्टार्टअप करू शकतं, आणि खरं सांगायचं तर सरकारी बँकेपेक्षा चांगलं करू शकतं. गावोगाव माणसं तयार करून, थोडी फी घेऊन लोकांना सरकारी योजनांपर्यंत पोचवणारं 'हकदर्शक' 2016 पासून चालू आहे; म्हणजे माणसाच्या खटपटीला दाम लावून धंदा उभा राहतो हे दिसलेलं आहे. मग तक्रारीच्या खटपटीला का नको? अडकलेला व्यवहार सोडवला की एजंटला व्यवहाराइतकंच कमिशन, एवढी एक ओळ करारात घालून बघा. कर्जाचा तक्ता फोनवर आवाजात ऐकवा, बेळगावी मराठीत आणि इकडच्या कन्नडमध्ये, शेकड्याच्या बोलीत, आणि बाईने 'नको' म्हणायला एक दिवस मोकळा ठेवा. पिग्मीच्या मशीनला एवढंच जोडा की संध्याकाळी आत्याच्या साध्या फोनवर 'आज पन्नास जमा' असं मराठीत बोलणारा कॉल येईल. यात रॉकेट सोडण्यासारखं काही नाही. विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय इथे मच्छेला आहे आणि त्याची पदवी घेतलेली आमची पोरं पुण्या-बेंगळुरूत दुसऱ्यांची अ‍ॅप लिहितात, तो वेगळ्या रडगाण्याचा विषय. हुबळीला इनक्युबेटर आहे, राज्य सरकारचं 'एलिव्हेट'चं अनुदान पन्नास लाखांपर्यंत मिळतं. त्या अर्जात 'किती खाती उघडली' या रकान्याशेजारी 'किती तक्रारी आल्या आणि किती दिवसांत मिटल्या' असा रकाना टाकायला कुणाची परवानगी लागते? शून्य तक्रारी आल्या म्हणणाऱ्याला मी तरी एक पैसा देणार नाही.

म्हसवडच्या माणदेशी महिला बँकेची गोष्ट तिच्या संस्थापक चेतना सिन्हा नेहमी सांगतात. सभासद बाया अंगठेबहाद्दर म्हणून रिझर्व्ह बँकेने आधी परवाना नाकारला. बायका वर्ग लावून शिकल्या, पुन्हा गेल्या आणि साहेबांना म्हणाल्या की कुठल्याही मुद्दलाचं व्याज आम्हाला काढायला सांगा, आणि तुमच्या अधिकाऱ्यांनाही सांगा, पण कॅल्क्युलेटरशिवाय. 1997 मध्ये बँक सुरू झाली. त्या बायकांच्या खात्यांची संख्या मी विसरलो, ती हुज्जत विसरलो नाही.

तोवर जे आहे ते तरी वापरा. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाचा 14448 हा नंबर फुकट आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं, कन्नडमध्येही. चंदीगडच्या केंद्राकडे साध्या कागदावर कुठल्याही भाषेत लिहून पाठवलं तरी घेतात. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी लागते, 30 दिवस थांबावं लागतं. नंदगडच्या त्या बाईचा अर्ज मी मराठीत लिहून दिला. तिने तो दोनदा वाचला, एक ओळ खोडली, कारण तिच्या मते मी तिच्या नवऱ्याचं काम कमी करून सांगितलं होतं, आणि मग सही केली.

आत्याकडे पिग्मीवाला शुक्रवारी पुन्हा आला. मशीनमधून बोटभर चिठ्ठी निघाली, इंग्रजी अक्षरांची, दोन महिन्यांत पुसट होणारी. तिने ती बाजूला सारली आणि देव्हाऱ्यामागून जुनं पुठ्ठ्याचं कार्ड काढलं. "ह्याच्यावर लिव्ह. पेनानं. मंगळवारचे वीस धरून लिव्ह."